फेट्याखालची कवटी

सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात एमसील मागितलं की दुकानदार विचारतो, "नळ गळतोय की टाकी?" "आजोबांचा चेहरा करायचाय" हे उत्तर त्याच्या हिशेबात नसतं. पण ते खरं असू शकतं. ज्या लगद्यानं मोरीच्या पाइपाची चीर बुजते, त्याच जातीच्या लगद्यातून, म्हणजे इपॉक्सी पुट्टीतून, छोट्या पुतळ्याचं नाक, मिशी आणि कपाळावरची आठीसुद्धा निघते.

तरी पहिल्या चेहऱ्यासाठी एमसील घेऊ नये. ते नळासाठी बनलेलं आहे आणि नळाला घाई असते. अर्ध्यापाऊण तासात ते हाताला जुमानत नाही, आणि शिकाऊ माणसाचा तेवढा वेळ एका डोळ्यातच जातो. त्यापेक्षा म्युरल करणारे वापरतात ती मोल्डइट बरी. ती स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात मिळते. खिसा परवानगी देत असेल तर वेल्समध्ये बनणारी मिलिपुट मागवावी. कडक व्हायला ती तीन-चार तास घेते आणि पाण्याच्या बोटानं छान गुळगुळीत होते. चार सेंटिमीटरच्या डोक्याला आणि खाली छातीपर्यंतच्या भागाला, फुकट जाणारा माल धरून, शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरतं.

गणपतीच्या कारखान्यात शाडू हाताळलेल्यांची इथे हमखास फसगत होते. शाडू ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की उद्या पुन्हा कामाला येते. तीच युक्ती या पुट्टीवर करायला जावं, तर सकाळी फडक्यातून दगड निघतो. शाडू वाळते. पुट्टी वाळत नाही, तिच्यातले दोन भाग, राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर, एकमेकांशी रासायनिक गाठ बांधतात, आणि ती गाठ पाण्याखालीसुद्धा बसते. म्हणजे दोन गोळे एकत्र मळले की घड्याळ सुरू. ते थांबवता येत नाही, थोडं हळू करता येतं: मळलेला जादा गोळा प्लास्टिकमध्ये घालून फ्रीझरमध्ये टाकायचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की हे घड्याळ पळत सुटतं, म्हणून त्या दिवसांत सकाळी लवकर बसावं. शिवाय एकदम मोठा गोळा मळू नये, कारण आतल्या क्रियेची उष्णता आतच कोंडते आणि गोळा स्वतःच्याच उष्णतेनं आणखी लवकर घट्ट होतो. बोराएवढे दोन गोळे पुष्कळ झाले. दोन्ही सारखे घ्यायचे आणि रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत, चांगली चार-पाच मिनिटं, मळायचे. "लवकर घट्ट व्हावं" म्हणून हार्डनर जास्त घालणं हा आपला अस्सल देशी उपाय इथे चालत नाही. ज्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही तो तसाच पडून राहतो, आणि काम मऊ, चिकट किंवा ठिसूळ होतं.

हातमोजे घालावेत. काहींच्या कातडीला हार्डनरचं वावडं जडतं, आणि एकदा जडलं की जात नाही. मळायला पोळपाट घेऊ नये, हे सांगायला लागू नये; पण लागतं.

आता चेहरा कुणाचा? नवशिक्याला देखणी तरुणी करावीशी वाटते आणि तिथेच तो संपतो. गुळगुळीत गालावर अर्ध्या मिलिमीटरची चूकही ओरडून सांगते. त्यापेक्षा फेटा आणि भरघोस मिशी असलेले आजोबा घ्यावेत, जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर नमुने बसलेले असतात. आजोबा जुने पैलवान असतील तर आणखी सोय, कारण तालमीत मोडलेल्या कानात वळ्या फारशा उरलेल्याच नसतात.

यात एक मेख आहे. फेटा डोकं झाकतो, म्हणून डोकं करायचंच राहून जातं. भुवयांच्या वर दोन बोटं कपाळ, त्यावर लगेच फेटा, आणि मागून पाहिलं तर आजोबांना डोक्याची मागची बाजूच नाही. डोळ्यांची रेघ हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असते. टाळू दिसत नसली की हा मध्य सापडत नाही, डोळे वर चढतात आणि चेहरा भिंतीवरच्या मुखवट्यासारखा होतो. म्हणून आधी टक्कल असलेले आजोबा पूर्ण करायचे. बाजूनं पाहिलं तर डोकं जवळजवळ उंचीइतकंच खोल असतं, आणि कान त्या खोलीच्या मध्याच्या किंचित मागे, भुवई आणि नाकाचा बुंधा यांच्या दरम्यान बसतो.

हे सगळं उभं राहतं ते तारेवर. लाकडी ठोकळ्याला भोक पाडून दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार दुहेरी पिळून बसवायची, मानेजवळ थोडी पुढे झुकवायची. माणसाची मान खांबासारखी सरळ नसते, म्हातारपणी तर मुळीच नाही. तारेला आधी पुट्टीचं पातळ लिंपण द्यावं आणि घट्ट होऊ द्यावं, नाहीतर डोकं तारेवर भोवऱ्यासारखं फिरतं. त्यावर स्वयंपाकातल्या फॉइलचा अंड्याच्या आकाराचा गोळा, चमच्याच्या पाठीनं ठोकून ठोकून टणक केलेला. फॉइल सैल राहिली की नाक दाबताना गाल आत जातो. हा गोळा ठरलेल्या मापापेक्षा सगळीकडून तीन मिलिमीटर कमी ठेवावा. तेवढीच जागा पुट्टीची.

कवटीचा थर चढवला, डोळ्यांच्या खोबण्या दाबल्या, की उठायचं. खरंच उठायचं. "आता नाकही उरकून टाकू" म्हणून बसलेल्या माणसाची कोपरं आणि अंगठे कवटी चेपून टाकतात. दुसऱ्या दिवशी कडक झालेल्या थरावर सुईनं ओरखडे काढावेत, ताजी पुट्टी थोडी घासून चिकटवावी आणि मग आकार द्यावा. पाण्याचं बोट मोदकाला लावतात तेवढंच. पाणी जास्त झालं की दोन थरांमध्ये बुळबुळीत साय साचते आणि वरचा थर सुटतो. पापुद्रा सुटणं भाकरीला शोभतं, नाकाला नाही.

बुबुळासकट डोळ्याचा गोळा खऱ्या माणसात सुमारे चोवीस मिलिमीटरचा. आपलं डोकं एकास सहाच्या आसपास, म्हणजे डोळा चार मिलिमीटर: ज्वारीचा दाणा. असे दोन दाणे आदल्या रात्रीच वळून कडक करून ठेवावेत आणि वाटतं त्यापेक्षा खोल बसवावेत. पापण्या म्हणजे शेवईसारखे दोन धागे; वरचा खालच्यावर किंचित चढतो. मिशी ओठ झाकते, पण तिच्या खाली दातांची गोलाई हवी. सपाट जागेवर चिकटवलेली मिशी नाटकातली दिसते.

सुरकुत्यांची घाई सगळ्यांनाच. टोकदार कोरणीनं रेघा मारल्या की म्हातारपण येत नाही, चेहरा फक्त ओरखडलेला दिसतो. गाल कुठे ओघळला, डोळ्याखालची पिशवी कुठे सुटली हे आधी घडलं की सुरकुती आपोआप पडते. शंका असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जावं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या तिथल्या श्री भवानी संग्रहालयात हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प आहे. बारकाव्यांशिवाय नुसते आकारच किती बोलतात, ते त्याच्याभोवती फिरताना कळतं.

फेट्यासाठी पुट्टी टाल्कम पावडर भुरभुरलेल्या प्लास्टिकवर मिलिमीटरभर जाड लाटायची, पट्ट्या कापायच्या आणि लगेच लावायच्या नाहीत. ताजी पट्टी कणकेसारखी लोंबते. थोडी घट्ट झाली की कापडासारखी वळते. फार थांबलात तर घडीवर तडकते. मधली ती दहा-पंधरा मिनिटं कोणत्याही पाकिटावर छापलेली नसतात. एक पट्टी बळी द्यावी आणि बोटाभोवती वळवून पाहत राहावं.

शेवटी २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००चा, दोन्ही पाण्यात भिजवून, तोंडाला मास्क लावून. अधूनमधून आरशात धरून पाहावं, आजोबांचं नाक डावीकडे गेलेलं तिथेच कळतं. मग करड्या प्रायमरचा हलका फवारा. पुट्टीच्या दुरंगी डागांत लपलेलं सगळं तो उघडं पाडतो. मानेवर अंगठ्याचा ठसाही सापडेल, रेघान् रेघ स्पष्ट. गालावर असेल तर घासून काढायचा. शेमल्याखाली असेल तर असू द्यावा.