थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर मुलाचं डोकं दुखू लागलं तर

थायरॉइड कमी असलेल्या मुलाला लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू झाली की घरातल्यांचं सगळं लक्ष टीएसएच या थायरॉइडच्या रक्ततपासणीच्या आकड्याकडे लागतं. पण पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मूल डोकं दुखतं म्हणू लागलं, तर तिकडेही लक्ष हवं. अगदी थोड्या मुलांत या काळात मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढतो, आणि डोळ्याची नस त्यात कायमची दुखावू शकते.

हे दुखणं आडवं झाल्यावर, पहाटे किंवा खोकताना वाढतं. उलट्या होतात. उठून उभं राहिलं की काही सेकंद अंधारी येते, कानात नाडीचे ठोके ऐकू येतात. लहान पोराला ‘दोन-दोन दिसतंय’ हे सांगता येत नाही. ते टीव्ही बघताना मान वाकडी करतं किंवा एक डोळा मिटून घेतं.

अशा वेळी आपल्याकडे मुलाला चष्म्याच्या दुकानात नेतात. पण या दाबानं डोळ्याच्या नसेला येणारी सूज नंबर काढून कळत नाही. नेत्रतज्ज्ञाकडून थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. नस सुजलेली असेल तर आधी एमआरआय, सोबत शिरांचा एमआरव्ही. गाठ किंवा शिरेतली गुठळी नाही ना, ते बघायला. मगच पाठीतून पाणी काढून दाब मोजतात. हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात; २५ सेंटिमीटरच्या वर गेला तर वाढलेला धरतात. मूल लठ्ठ असेल किंवा त्याला गुंगीचं औषध दिलं असेल तर २८ च्या वर. मूल रडत असलं, पोटाशी पाय घेऊन आवळलेलं असलं, तर आकडा उगाच फुगतो.

उपचारात बहुधा हा दाब कमी करणारं अ‍ॅसिटाझोलामाइड देतात. त्यानं बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो, घाबरू नका. थायरॉइडचा डोस डॉक्टर कमी करून हळूहळू वाढवतात. गोळी मनानं बंद करू नका, मुलाची वाढ तिच्यावर आहे.

बाटलीवर २५ लिहिलंय की ५० मायक्रोग्रॅम, दर वेळी वाचा. चुकीची बाटली आली तर डोस एकदम दुप्पट होतो. गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत द्या. कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं दूध तासाभरानं, लोह-कॅल्शियम चार तासांनी.

मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या, वाढीची इंजेक्शनं चालू असतील किंवा स्टेरॉइड नुकतंच थांबवलं असेल, तर तेही सांगा. दाब त्यांनीही वाढतो.

नजर अंधुक झाली, दोन दिसू लागलं किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कोल्हापुरातलं सरकारी सीपीआर रुग्णालय असो की राजारामपुरीतला खासगी. जाताना गोळ्यांची बाटली, सुरू केल्याची तारीख आणि शेवटचा टीएसएचचा रिपोर्ट बरोबर न्या.