ओब्राकचे धुके

सँ-शेली-दोब्राक, 28 मे, रात्री साडेआठ

फ्रान्समधल्या यात्रेच्या जुन्या वाटेवर आज चालण्याचा सहावा दिवस. नास्बिनालपासून इथपर्यंतचे अंतर अवघे 17 किलोमीटर, म्हणजे कालच्या 26 किलोमीटरांच्या मानाने विश्रांतीच म्हणायची. तरीही मुक्कामाला पोहोचायला सर्वांत जास्त उशीर आजच झाला, आणि त्याचा दोष माझ्याखेरीज कोणालाच देता येत नाही.

सकाळी निघालो तेव्हा ओब्राकच्या पठारावर धुके इतके दाट होते की हातातल्या काठीचे टोकही अंधुक दिसत होते. हे पठार जवळजवळ झाडांवाचूनचे आहे. नुसती कुरणे, त्यांमध्ये रचलेल्या दगडांच्या बुटक्या भिंती, आणि सध्या गवतात जागोजागी फुललेले पांढरे नर्गिस. एका कुरणातून दुसऱ्यात जाताना दर वेळी फाटक उघडायचे, आत शिरायचे आणि गुरे बाहेर पडू नयेत म्हणून आठवणीने पुन्हा लावून घ्यायचे. पावसाने ओल्या झालेल्या त्या लोखंडी कड्यांनी बोटे बधिर होऊन गेली होती.

फ्रान्समधल्या ल प्वी गावाहून सँ-झाकला, म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला, जाणाऱ्या या वाटेचे आजचे अधिकृत नाव जीआर 65. ल प्वीचा बिशप गोदेस्काल्क इ. स. 950 मध्ये सान्तियागोला निघाला, त्याच्या मागोमाग शतकानुशतके लोक या बाजूने चालत गेले. त्यांच्याजवळ नकाशे नव्हते. माझ्याजवळ नकाशा आहे, फोन आहे, शिवाय दगडांवर आणि खांबांवर रंगवलेल्या पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या आहेत. त्या समांतर दिसल्या की वाट बरोबर, आणि एकमेकींना छेदून फुली झालेली दिसली की तिकडे जायचे नाही. इतके सोपे असूनही मी चुकलो, कारण मी पट्ट्या पाहणे सोडून पुढे चाललेल्या एका निळ्या रेनकोटामागे चालत राहिलो. पुढचा माणूस यात्रेकरूच असणार, आणि त्याला वाट माहीत असणार, ही दोन्ही अनुमाने मी कोणताही पुरावा नसताना केली होती.

अर्ध्या तासाने तो रेनकोट थांबला, वळला, आणि तो एक शेतकरी निघाला. कुंपणाची तार तपासत फिरत होता बिचारा. त्याच्या पाठीमागे धुक्यातून चार-पाच गायी वर आल्या. ओब्राकच्या गायी गव्हाळ रंगाच्या असतात आणि त्यांच्या डोळ्यांभोवती अशी काळी कड असते की कोणीतरी सकाळीच काजळ घातले असावे असे वाटते. गायी माझ्याकडे आणि मी शेतकऱ्याकडे पाहत राहिलो. माझे फ्रेंच अशा वेळी हमखास दगा देते. त्याने माझ्या पाठीवरची सॅक पाहिली, काहीच विचारले नाही, दोन्ही हात कोपरापासून उचलून छातीसमोर त्यांची फुली केली आणि मी आलो त्या दिशेला हनुवटी उडवली.

भिंतीला हात लावत परत आलो. ज्या खांबाजवळून मी वळलो होतो त्याच्यावर फुली होतीच, चांगली ठसठशीत. बरोबर वाट दाखवणारे पुष्कळ भेटतात. पण इथे कोणीतरी रंगाचा डबा घेऊन चुकीच्या वाटेवरही गेला होता, माझ्यासारखा कोणीतरी तिकडे वळणार हे गृहीत धरून, याचे मला तिथे उभ्या उभ्या फार अप्रूप वाटले.

ओब्राक गाव त्यानंतर तासाभरात आले. गाव कसले, एक मनोरा, एक काळसर दगडाचे चर्च आणि थोडी घरे. सुमारे 1120 मध्ये आदालार नावाच्या फ्लेमिश सरदाराने येथे यात्रेकरूंसाठी मठ आणि रुग्णालय उभारले. या चर्चमधली घंटा ‘चुकलेल्यांची घंटा’ म्हणून ओळखली जाते, कारण धुक्यात आणि हिमवादळात पठारावर भटकणाऱ्यांना दिशा कळावी म्हणून मठवासी ती वाजवीत असत. तिच्यावरच्या लॅटिन ओळीत घंटेला चार आज्ञा आहेत: देवाचा जयजयकार कर, धर्मगुरूंसाठी गा, भुतांना पळव, चुकलेल्यांना परत बोलाव. पहिल्या तीन आज्ञांशी माझे फारसे देणेघेणे नाही. चौथीपाशी मात्र मी ओल्या बुटांनी बराच वेळ उभा होतो. आज घंटा काही वाजली नाही.

पुढची आठ किलोमीटर वाट पाचशे मीटर खाली उतरते आणि उजवा गुडघा त्याचा हिशेब अजून मागतो आहे. उतारावर धुके विरले, झाडे आली.

जेवणात कालच्यासारखेच आलिगो होते: उकडलेल्या बटाट्यात ताजे तोम चीज घोटून केलेला पदार्थ. मालकीणबाई लाकडी डाव हातभर वर उचलतात आणि तार तुटत नाही. चवीला उत्तम, पण दोन रात्री लागोपाठ जरा जडच.

जेवणानंतर आत्याचा फोन आला. ती अठरा वर्षे आळंदीहून पंढरपूरला चालते आहे. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “तुमची दिंडी रथापुढे की रथामागे?” मी म्हणालो, “आत्या, इथे दिंडी नाही, रथही नाही, मी एकटाच आहे.” ती थोडी थांबली. “मग चुकलास तर?” आज काय झाले ते मी तिला सांगितले नाही.

बाहेर अजून उजेड आहे. गावाखालच्या जुन्या दगडी पुलावर जाऊन आलो. पुलावरच्या क्रूसाच्या पायथ्याशी काठी घेतलेला एक यात्रेकरू कोरलेला आहे, झिजून बोटाएवढा राहिलेला. पूल ओलांडून उद्याची पहिली पट्टी नक्की कुठे आहे तेही पाहून ठेवले.