सहातले पाच

इंग्लंडमधल्या पूल शहरातून डॉर्चेस्टरला जाताना टॉलपडल गावात गाडी वळवली ती पोराला शू लागली म्हणून. आणि मग मीच एका ओसरीएवढ्या इमारतीपुढे तासभर उभा.

गावातल्या मेथडिस्टांनी, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांतल्या एका पंथाने, 1818 साली बांधलेलं हे चॅपल, छोटं प्रार्थनाघर. भिंतींत कॉब, म्हणजे माती-पेंढा तुडवून केलेला चिखल. आमच्या आजोळचं घर असंच होतं. आम्ही ते पाडून स्लॅब टाकला. इथलेही काही शहाणे नव्हते म्हणा. 1840 च्या दशकात प्रार्थना थांबली आणि चॅपल शेतीच्या वापरात गेलं, ते आता कुठे एका ट्रस्टने विकत घेतलं.

जॉर्ज लव्हलेस हा इथला शेतमजूर आणि मेथडिस्ट उपदेशकही. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, मग सात झाली. आता सहा होणार कळल्यावर मजुरांनी संघटना काढली. तो तेव्हा गुन्हा नव्हता. मग पकडायचं कशात? तर सभासद होताना गुप्त शपथ घेतली! नौदलातल्या बंडानंतर 1797 मध्ये केलेला कायदा हुडकून काढला आणि मार्च 1834 मध्ये लव्हलेससह सहा जणांना सात वर्षांचं काळं पाणी ठोठावलं, ऑस्ट्रेलियात. नांगर धरणाऱ्यांना खलाशांचा कायदा! आणि हेच आपल्याला कायद्याचं राज्य शिकवत होते. बरं, या सहा जणांसाठी लंडनच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले आणि 1836 मध्ये माफी द्यावी लागली, हेही सांगायला हवं.

आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्यांच्याशी संबंधित एकही वास्तू मी आजवर पाहिलेली नाही. आणि इथे, नेमका रविवारीच, लव्हलेससाठी हळवा होत होतो.

सुटून आलेल्यांपैकी पाच जण पुढे कॅनडात स्थायिक झाले. गावी राहिला तो एकटा जेम्स हॅमेट. 1891 मध्ये डॉर्चेस्टरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात वारला.

रात्री काकांचा फोन. नेहमीचंच, "परत कधी येताय?" मी लगेच ही गोष्ट सांगितली. सहातले पाच, काका! एवढं सोसलेली माणसंसुद्धा पोटासाठी गाव सोडून गेलीच ना?

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तिथे फुलं कुणाच्या थडग्यावर वाहतात रे?"

"हॅमेटच्या," म्हणालो, आणि फोन पोराकडे दिला.