तुम्ही विचारलंत म्हणून: नकाशा आधी की गोष्ट आधी

मी मनातल्या मुलखाचे नकाशे काढते आणि त्याच मुलखावर कादंबरी लिहितेय, म्हणून हा प्रश्न लोक मला नऊ वर्षं विचारतायत. नकाशा आधी काढतेस की गोष्ट आधी सुचते? आणि त्याला लागूनच दुसरा येतो, जो बहुतेकांना खरा विचारायचा असतो, की एवढे नकाशे काढलेस पण पुस्तक कुठंय? पहिल्याचं मी दरवेळी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि दुसऱ्याच्या वेळी विषय बदलला. आता दोन्हीचं एकदाच नीट सांगते, लांबलं तर लांबू दे.

नकाशा आधी. कायम.

यावर कुणीतरी म्हणतंच की म्हणजे लिहायचा कंटाळा आला की रंगवत बसायचं. ते मला लागतं. कारण मी जे करते ते लिहिणंच आहे असं मला मनापासून वाटतं, फक्त ते वाक्यांत नसतं. कागदावर डावीकडे समुद्र काढला, वारा समुद्राकडून येतो असं ठरवलं, आणि मध्ये उभी डोंगररांग घातली, की पलीकडे पाऊस कमी पडणार हे आपोआप ठरलं, त्यात माझं काही चालत नाही. पाऊस कमी म्हणजे विहिरी, आणि विहिरी खोल, म्हणजे लांब दोर लागणार. म्हणून माझ्या त्या मुलखात दोर वळणाऱ्या घराण्यांना सगळ्यात जास्त मान आहे, आणि तिथे राजा नाही, विहिरीचा पहारेकरी आहे. तो पहारेकरी मला विचार करून सुचलेला नाही. डोंगराच्या पलीकडचा कोरा कागद बघत बसले होते तेव्हा सुचला.

अंतराचंही तसंच. धडधाकट माणूस सपाटीवर दिवसाला 25 ते 30 किलोमीटर चालतो, चढ आणि ओझं असेल तर त्याहून बरंच कमी. पहिल्या ड्राफ्टमध्ये माझा एक निरोप्या बंद पत्र घेऊन दोन दिवसांत पोचला होता, आणि नकाशाला स्केल लावल्यावर ते अंतर निघालं 240 किलोमीटर. मग त्याला नऊ दिवस चालावं लागलं. आणि नऊ दिवस, नऊ रात्री ते पत्र उशाला घेऊन झोपलेल्या माणसाने सातव्या रात्री ते उघडून वाचलं. दोन दिवसांत त्याने ते वाचलं नसतं. आता मला सांगा, हे रंगवणं आहे का?

एवढी बाजू मांडली, आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगते.

माझ्या कादंबरीत वेहरा नावाची नदी आहे. डोंगरातून येते, एका अरुंद दरीत शिरते, आणि दरीच्या तोंडाशी दोन फाटे होतात, एक उत्तरेच्या समुद्राला जातो आणि एक दक्षिणेच्या. नेरी ही नाव वल्हवणारी बाई, गोष्टीतलं माझं सगळ्यात लाडकं माणूस. पाठलाग करणारे मागे आहेत, दोन फाट्यांपैकी एक निवडायचाय, आणि ती निवडायच्या आत दरीच्या कड्यावरून दरड कोसळते आणि ती जाते. चौदावा चॅप्टर. तो मी एका रात्रीत लिहिला होता आणि रडत लिहिला होता. त्यानंतरचे साठ हजार शब्द तिच्या नसण्यावर उभे होते, तिची बहीण, तो निरोप्या, सगळेच.

पाण्याचाच अभ्यास करणाऱ्या एका मैत्रिणीला मी तो नकाशा दाखवला. हस्तलिखित नाही, फक्त नकाशा, कौतुकाने. तिने वेहरेवरून बोट फिरवत खाली आणलं, फाट्यावर थांबवलं आणि म्हणाली, "अगं, नदी अशी फुटत नाही. नद्या मिळतात."

मी भांडले. खूप भांडले. मी म्हटलं त्रिभुज प्रदेशात फुटतात, तर म्हणाली हो, समुद्राच्या तोंडाशी, सपाटीवर, डोंगरात नाही. बेटाच्या दोन बाजूंनी जातात, तर म्हणाली जातात आणि पुढे परत एक होतात. घरी येऊन रात्रभर शोधलं आणि मला कासिक्यारे सापडली. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीचं काही पाणी कासिक्यारेतून रिओ नेग्रोला आणि तिथून ॲमेझॉनला जातं, म्हणजे एकच नदी दोन खोऱ्यांना पाणी देते, आणि हम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ-प्रवासी 1800 मध्ये नावेतून तिथून गेलाय. मी तिला रात्री दोन वाजता मेसेज केला. सकाळी तिचं उत्तर आलं, अगदी शांतपणे लिहिलेलं, की असतं ना, पण ते कसं असतं तेही बघ.

ते बघितलं आणि माझा आवाज बंद झाला. पाणी दोन वाटांनी निघालं तरी त्यातली एक वाट थोडी जास्त उताराची किंवा खोल असतेच, तिथून पाणी जोरात जातं, तळ खरवडतं, ती आणखी खोल होते आणि दुसरीचं पाणी ओढून घेते. थोड्या काळात दुसरी कोरडी. दोन्ही टिकायच्या तर जमीन जवळजवळ सपाट पाहिजे, जिथे पाण्यालाच कुठे जावं ते कळत नाही. कासिक्यारे तशाच सपाट जंगलातून वाहते. अमेरिकेत वायोमिंगमध्ये टू ओशन पास नावाच्या खिंडीत एक ओहोळ फुटून एक धार अटलांटिककडे आणि एक पॅसिफिककडे जाते, ते डोंगरात आहे म्हणून मी परत खूश झाले होते, पण तो ओहोळ आहे. त्यात नेरीची नाव चालणार नाही.

म्हणजे दोन फाटे ठेवायचे तर दरी जाते, आणि दरी ठेवायची तर एक फाटा जातो. फाटे मला सोडता येईनात, सगळी गोष्ट त्या निवडीवर होती. म्हणून मी ट्रेसिंग पेपर घेतला, जुना नकाशा खाली ठेवला आणि 0.1 च्या पेनाने तो भाग नव्याने काढला. किनारा किंवा नदी काढताना मी हात फिरवत नाही, पेन एका जागी धरते आणि दुसऱ्या हाताने कागद सरकवते, म्हणजे रेषेला आपल्या मनगटाचं वळण लागत नाही. तशी वेहरा काढत आले आणि ज्या जागी दरीचे कडे होते तिथे पेन नुसतंच पुढे गेलं. दोन्ही बाजूंना काही नव्हतं. गवत आणि पाणी.

मग लक्षात आलं की नेरीला मरायला जागाच उरली नाही. कडा नाही तर दरड नाही.

सुरुवातीला वाटलं सोपं आहे, वेगळं मरण देऊ. बाण, ताप, बुडणं. सगळं लिहून बघितलं, सगळं खोटं वाटलं. कारण स्वतःला विचारलं की ती का मरते, तर माझ्याकडे एकच उत्तर होतं, तिथे दरी होती म्हणून. तिला मी गोष्टीसाठी मारलं नव्हतं, बाकीच्यांचं दुःख सांगायचं होतं म्हणूनही नव्हतं. कधीतरी कागदावर मला एक अरुंद दरी काढायला आवडली, शेडिंग छान जमलं, आणि तीन वर्षांनी त्या दरीत मी एक माणूस मारलं आणि रात्रभर रडले आणि त्याला कादंबरीचा गाभा म्हणत राहिले. हे मला अजूनही सहन होत नाही.

माझ्या पहिल्या वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "नकाशा खोटं बोलत नाही." तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. त्या चोवीसच्या मुलीशी मी आजकाल फार भांडते. तिला सांगते की जेम्स रेनेल या इंग्रज नकाशाकाराने 1798 च्या नकाशात पश्चिम आफ्रिकेत कोंग पर्वत दाखवले, नायजर नदीबद्दलचा त्याचा जो तर्क होता त्याला ते सोयीचे होते, आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षं लोक ते पर्वत उतरवून घेत राहिले, 1880 च्या दशकाच्या शेवटी बिंगर हा फ्रेंच प्रवासी तिथे स्वतः जाऊन आला तेव्हा कळलं की अशी रांगच नाही. नकाशा व्यवस्थित खोटं बोलतो. पण ती चोवीसची मुलगी मला म्हणते की तुझा निरोप्या? तुझे दोर वळणारे? ते नकाशानेच दिले ना? आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. जी गोष्ट चांगलं देते तीच हे पण देते, आणि देताना दोन्ही सारखीच वाटतात, आतून कळत नाही.

मग स्टीव्हन्सनचा दाखला देतात लोक, तोही आधी नकाशा काढायचा म्हणून. खरंय, 1881 मध्ये त्याने आधी बेटाचा नकाशा काढला आणि त्यातून 'ट्रेझर आयलंड' आली. पण पुढचं कुणी सांगत नाही. तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे पोचलाच नाही, हरवला, आणि त्याला स्वतःचं पुस्तक पुन्हा चाळून, त्यातला एकेक उल्लेख टिपून, कंपास घेऊन मजकुराला जुळेल असा दुसरा नकाशा काढावा लागला. त्याने नंतर लिहून ठेवलंय की तो दुसरा त्याला कधी आपलं बेट वाटलाच नाही. हे मी वाचलं तेव्हा बराच वेळ नुसती बसून होते, कारण माझ्या भिंतीवर दोन्ही कागद शेजारी शेजारी लावलेत, दरीचा आणि सपाटीचा, आणि मलाही दुसरा अजून आपला वाटत नाही.

तर पुस्तक कुठंय. ते पंधराव्या चॅप्टरवर आहे, दीड वर्षं. साठ हजार शब्द मी बाजूला काढून ठेवलेत, फेकलेले नाहीत. नेरी जिवंत आहे, मैदानात आहे, पाठलाग करणारे तिला चार-पाच किलोमीटरवरून दिसतायत, कारण सपाटीवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण तेवढ्यावरच दिसतं, आणि त्यांनाही ती दिसते. असा पाठलाग मी कधी लिहिलेला नाही, लपायला काहीच नसलेला. कधीकधी वाटतं दरी परत आणावी, कुणाला कळणारे? मैत्रिणीला कळेल. बाकी कुणालाही नाही. यावर मी अजून ठाम नाहीये, उद्या दरी परत काढली तर मला विचारू नका.

आणि मधे एक वेगळीच अडचण आलीये. इतकं सपाट मैदान म्हणजे पावसाळ्यात ते पाण्याखाली जाणार, तेव्हा फाटा कुठला आणि नदी कुठली हेच दिसणार नाही. ते नकाशात दाखवायचं कसं हे मला जमत नाहीये. तुटक रेषेने काढून बघितलं तर ओढा वाटतो, बारीक ठिपके दिले तर वाळवंट वाटतं. सध्या तिसरा ट्रेसिंग पेपर लावलाय, फक्त पावसाळ्याच्या चार महिन्यांचा, त्यावर आत्तापर्यंत एक नाव काढून झालीये.