तुकड्याची कड

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात मी सहा वर्षे व्यवस्थापक होतो. त्या काळातला 2018 च्या श्रावणातला एक सोमवार मला अजून तासातासाने आठवतो. सकाळी साडेनऊच्या सुमारास सोलणी विभागातल्या अकरा बायका आपापली ताटे घेऊन उठल्या, अंगण ओलांडून कटिंगच्या शेडमध्ये गेल्या आणि ताटांतला सगळा तुकडा, म्हणजे मोडलेला काजूगर, त्यांनी कटिंगवाल्यांच्या पायांशी ओतला. पाच मिनिटांत कटिंगची मशिने थांबली आणि पत्र्यावरच्या पावसालाही न जुमानणारा गलका सुरू झाला.

ज्यांनी काजूचा कारखाना आतून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. बीला वाफ देतात, रात्रभर पसरून थंड करतात आणि मग कटिंगवाली बाई हातापायाने चालवायच्या मशिनवर दोन पात्यांमध्ये टरफल फोडते. टरफलातले तेल कातडी जाळते, म्हणून तिचे हात सतत एरंडेलाने किंवा राखेने माखलेले असतात. निघालेला गर तांबड्या सालीसकट ड्रायरमध्ये 70 अंशांच्या आसपास काही तास सुकतो आणि त्यानंतर सोलणीच्या टेबलावर येतो. आमच्याकडे कटिंगची मजुरी निघालेल्या गराच्या वजनावर होती. सोलणीची मात्र अख्ख्या गराच्या किलोवर, आणि तुकड्याला दर बराच कमी. बाजाराचाही न्याय हाच आहे. डब्ल्यू 240 ही प्रत म्हणजे एका पौंडात, अर्थात सुमारे 454 ग्रॅममध्ये, 220 ते 240 अख्खे गर. त्यातला एखादा मोडला की तो पाकळीत, म्हणजे उभ्या अर्ध्या गरात, किंवा तुकड्यात जातो आणि त्याचा भाव उतरतो. त्यामुळे गर कोणाच्याही हातून मोडला, तरी त्याचा फटका सोलणीवालीच्या पगाराला बसत असे.

गेले दोन आठवडे तुकडा वाढला होता. सोलणीवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा मी फारसा विचार न करता कटिंगच्या मजुरीतून कपात सुरू केली. आता दोन्हीकडचा पगार कमी झाला होता आणि दोन्ही बाजूंना त्याचे कारण समोरच्या शेडमध्ये बसलेले दिसत होते. त्यात भर म्हणजे कटिंगच्या बहुतेक बायका एका वाडीतल्या आणि सोलणीच्या दुसऱ्या. दोन वाड्यांमध्ये देवळातल्या मानपानावरून आधीच धुसफूस होती. ‘भांडण गावातले आहे, ते कारखान्यात आले,’ असा निष्कर्ष मी मनोमन काढून टाकला होता. तो मला सोयीचाही होता, कारण त्यात माझ्याकडे काहीच येत नव्हते.

मालकांना फोन केला. त्यांचे उत्तर तयार होते: दोन्हीकडची एकेक पुढारीण आठवडाभर घरी बसव, बाकीच्या आपोआप गप्प बसतील. गणपतीच्या मालाची ऑर्डर तोंडावर होती, म्हणून ते मी केले नाही; तत्त्वाचा प्रश्न होता असे म्हणणे खोटे ठरेल. त्याऐवजी मी अंगणात उभे राहून जाहीर केले की तुकड्याचे नुकसान दोन्ही विभागांत निम्मे निम्मे वाटू. मला वाटले होते की यावर सुटकेचा निःश्वास ऐकू येईल. झाले उलटेच: सकाळपासून एकमेकींवर ओरडणाऱ्या दोन्ही वाड्या पहिल्यांदा एका सुरात बोलल्या, आणि बोलल्या त्या माझ्याविरुद्ध. जिने मोडलेच नाही तिने निम्मे तरी का भरावे, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विचारवंत बाईंनी 1925 साली मांडलेली वर्गवारी मी पत्राद्वारे केलेल्या अभ्यासक्रमात परीक्षेपुरती पाठ केली होती. संघर्ष मिटवण्याच्या तीन रीती त्यांनी सांगितल्या: एकाने दुसऱ्याला दडपणे, दोघांनी थोडे थोडे सोडणे, आणि दोघांचीही गरज भागेल अशी तिसरी वाट काढणे. त्यांचे एक उदाहरण दूध उत्पादकांच्या संघाचे आहे. चढावरून येणारे आणि उतारावरून येणारे शेतकरी यांपैकी दुधाचे कॅन आधी कोणी उतरवायचे, यावरून तो संघ मोडायच्या बेतात आला होता. शेवटी फलाटाची जागा अशी बदलली की दोघांनाही एकाच वेळी कॅन उतरवता आले. त्या सकाळी मी पहिली रीत टाळली होती आणि दुसरीवर आपटलो होतो. आपला फलाट कोणता, हे मात्र मला सुचत नव्हते.

ते एका काकींनी दाखवले. सोलणीत सर्वांत जुन्या त्याच होत्या. त्यांनी जमिनीवरचा एक तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. “साहेब, हेची कड बगा. पिवळी पडली हा, तेलाचो डाग पण आसा. ह्यो ड्रायरात जाऊच्या आदीच मोडलेलो.” मग दुसरा ठेवला, त्याची कड दुधासारखी पांढरी होती. “आणि ह्यो आमच्या हातान मोडलो. ता मी नाय म्हणूचंय नाय.”

हे शेवटचे वाक्य कटिंगच्या बायकांनी ऐकले आणि गलका उतरला. आपल्या बाजूचे जेवढे आहे तेवढे काकींनी आपणहून मान्य केले होते; समोरच्यांना आता नाकारत बसण्याचे कारण उरले नव्हते.

मी टेबलावर वर्तमानपत्रे पसरायला लावली. दोन्हीकडच्या तीन-तीन बायका समोरासमोर बसल्या आणि ओतलेला तुकडा त्यांनी कड पाहून निवडला. ज्या तुकड्यावर एकमत होईना तो वेगळा ठेवायचा, एवढाच नियम होता. सव्वा तास लागला. डागाळलेल्या कडेचा ढीग सर्वांत मोठा निघाला, पण पांढऱ्या कडेचाही काही लहान नव्हता. त्यावर कटिंगमधली एक तरुण बाई काही न बोलता उठली आणि आपल्या टोपलीतली मूठभर बी माझ्यासमोर घेऊन आली. तीत कलमी झाडांची टपोरी बी होती, वेंगुर्ला-7 सारख्या जातीची, आणि तिच्याबरोबर बारीक गावठी. “पातो एका मापाचो, बी दोन मापाची. आमी काय करूचा?”

बी आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाळणीचा पट्टा दोन आठवड्यांपूर्वी तुटला होता. नवा येईपर्यंत माल न चाळताच कटिंगला द्या, असे मीच सांगितले होते. ऑर्डरच्या घाईत ड्रायर लवकर रिकामा करायलाही मीच सांगत होतो. अर्धवट सुकलेल्या गराची साल चिकटून बसते, त्यात पावसाळी दमट हवा, म्हणून ती ओरबाडताना गर मोडतो. दोन्ही ढिगांचा उगम माझ्या टेबलावर होता. हे सगळ्यांसमोर उभे राहून मी सांगितले. दोन वाक्यांचेच काम होते, पण त्यापूर्वी मी पाण्याचे दोन ग्लास प्यालो, हे आठवते.

त्यानंतरचे फार भराभर झाले. नवा पट्टा येईपर्यंत हातचाळणीने बी निवडायला दोन्ही विभागांतली एकेक बाई रोजावर घ्यायची, ड्रायरची वेळ काकींना विचारल्याशिवाय कमी करायची नाही आणि दोन आठवड्यांची कपात परत द्यायची, असे ठरले. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, ही तरतूद 2010 साली औद्योगिक विवाद कायद्यात आली होती, आणि आमच्याकडेही अशी समिती फाईलमध्ये होती. त्या दुपारी फाईल काढल्यावर कळले की सदस्य म्हणून ज्या काकींचे नाव मी लिहिले होते, त्या ह्याच. आणि आपण सदस्य आहोत हे त्यांना त्या दिवशीच समजले. त्या हसल्या, मला हसता आले नाही.

मालकांनी कपातीतली निम्मीच रक्कम मंजूर केली. उरलेली दिवाळीच्या बोनसात धरून घ्यायला मला तीन वेळा त्यांच्याकडे जावे लागले. देवळातल्या मानाचा वाद मी तिथे असेपर्यंत सुटला नव्हता आणि दुपारी दोन वाड्यांच्या बायका जेवायला वेगवेगळ्या पडव्यांमध्येच बसत. पट्टा बाराव्या दिवशी आला. तोपर्यंत रोज सकाळी कटिंगमधली ती तरुण बाई आदल्या दिवसाचा मूठभर तुकडा घेऊन सोलणीच्या टेबलापाशी यायची, काकी चष्मा लावून एकेक कड बघायच्या, आणि दोघी मिळून ठरवायच्या की त्या दिवशी कोणाला किती बोलायचे.