काळविटाचे घर म्हणजे गवत

पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गायरानावर मी दर वर्षी दिवाळीनंतर शाळेची मुले पहाटे घेऊन जातो. कुसळी गवत तेव्हा पिवळे पडलेले असते आणि उजाडता उजाडता त्याच्यातून काळविटांचा कळप दिसू लागतो : पिळदार शिंगांचा, काळ्या पाठीचा एखादा नर आणि त्याच्या अवतीभोवती बदामी रंगाच्या, बिनशिंगी माद्या. गेल्या वर्षी बांधावरून एक शेतकरी काका आले आणि म्हणाले, "गुरुजी, लेकरांला हरणं दावा, पण माझा हरभरा हरणांनी खाल्ला तर दुबार पेरायचा कुणी?" मुले माझ्याकडे पाहू लागली. माझ्याकडे उत्तर नव्हते.

ते शोधताना मी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एल्कविषयी वाचले. एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातील सारंग आहे; त्याची शिंगे दर वर्षी गळतात आणि नवी येतात, तर कुरंग असलेल्या काळविटाची शिंगे जन्मभर टिकतात. पेनसिल्व्हेनियातले मूळचे एल्क एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकारीने संपले होते. १९१३ पासून यलोस्टोनहून रेल्वेने एल्क आणून तिथे सोडण्यात आले, परंतु ते शेतात शिरू लागले आणि पिकांच्या नुकसानीपायी अनेक मारले गेले. पुढे जंगलातल्या मोकळ्या जागांवर आणि कोळसा काढून झालेल्या खाणींच्या सपाट केलेल्या जमिनींवर गवत व क्लोव्हरसारखा चारा वाढवण्यात आला. चरायला हक्काची जागा मिळाल्यावर कळप शेतांपासून दूर राहू लागले. कीस्टोन एल्क कंट्री अलायन्स ही तिथली प्रादेशिक ना-नफा संस्था अधिवासाच्या कामाबरोबरच बेनेझेट येथे २०१० मध्ये उघडलेले अभ्यागत केंद्र चालवते आणि शाळेच्या मुलांना एल्कच्या मुलखातच शिकवते. मला त्यांचे हेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण प्राणी, चारा आणि शेजारचे शेत यांचा हिशेब तिथे मुलांच्या डोळ्यांसमोर एकत्र मांडला जातो.

आपल्याकडे काळवीट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मोरासाठी आमच्याच तालुक्यात नायगावला १९९४ पासून अभयारण्य आहे. गावोगावची हरणे मात्र गायरानांच्या आणि पडीक रानांच्या आधाराने जगतात. काळवीट शत्रूला लांबून पाहतो आणि वेगाने पळून जीव वाचवतो, त्यामुळे नजर अडवणारी दाट झाडी त्याला मानवत नाही. तरीही आपण माळाला "ओसाड" म्हणतो आणि त्याचे भले करायचे म्हणून खड्डे खणून झाडे लावतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही शाळेतर्फे गायरानाच्या एका कोपऱ्यात गिरिपुष्पाची रोपे मोठ्या हौसेने लावली होती. आज त्या कोपऱ्यात मारवेल गवत उरलेले नाही, आणि कळप तिथे थांबत नाही. ही चूक मी मुलांना जागेवर नेऊन दाखवतो.

पिकाची नुकसानभरपाई वन विभागाकडून मिळू शकते, पण पंचनाम्याच्या खेपा घालणाऱ्या माणसाला हरणाविषयी माया वाटावी, ही अपेक्षा जास्तीची आहे. बिनकठड्याच्या विहिरीत पडलेली हरणी याच काकांनी मागे बाज आणि दोर सोडून वर काढली होती, हे मी विसरलेलो नाही. त्यांना हरीण नको आहे असे नाही. त्यांना हरभराही हवा आहे.

म्हणून यंदा ग्रामसभेत आम्ही एवढेच मागितले की गायरानाच्या उरलेल्या भागात खड्डे खणू नयेत, गवताचे बी पडेपर्यंत तिथे चराई थांबवावी आणि नंतर कापणीचा हक्क बांधाला लागून शेत असलेल्यांना आधी द्यावा. चराईवर बरीच वादावादी झाली. शेळ्या सांभाळणाऱ्यांचे म्हणणे खरे होते, म्हणून एक पट्टा त्यांच्यासाठी खुला ठेवला. आता सातवीची मुले दर शनिवारी कळप मोजतात आणि तो गवतात होता की पिकात, हे वहीत लिहितात. काकांचा नातू त्यांच्यात आहे. हरभऱ्याच्या शेताची नोंद तोच करतो, आणि आजोबांना विचारल्याशिवाय करत नाही.