ग्राफ पडला, फोन वाढले

सांगलीकडच्या एका पंप डीलरच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आहे. मार्च 2024 मध्ये किमतींचं पान बदललं आणि पुढच्याच मीटिंगला मालक लॅपटॉपवर बोट आपटत म्हणाले, "आधी माणूस दीड मिनिट थांबत होता, आता चाळीस सेकंदांत पळतोय. याचे पैसे देतोय होय मी?"

आकडा खोटा नव्हता. जास्त वेळ थांबवलं की गुगल वर नेतं, हे त्यांच्या डोक्यात आमच्याच एजन्सीच्या साहेबांनी भरवलेलं. जुनं पान त्याच हिशेबाने केलेलं: वर पाण्याच्या महत्त्वावर निबंध, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, लगेच नाव-नंबर मागणारा पॉपअप आणि किंमत पार तळाला, तीही पीडीएफमध्ये. शेतकऱ्याची मोटर जळालीय, पीक वाळतंय, आणि आम्ही त्याला 'जल हेच जीवन' वाचायला लावतोय!

मी सगळं काढून वर फक्त तक्ता ठेवला. एचपी, बोअरची साइज, स्टेज, किती फुटांवरून पाणी उचलेल, सिंगल फेज की थ्री फेज, किंमत. खाली फोनचं बटण. व्हिडिओ गेल्यावर पानाचा मुख्य भागही मोबाइलवर गुगलच्या अडीच सेकंदांच्या मर्यादेत दिसायला लागला.

खरी गोम मोजण्यात होती. जीए4, म्हणजे वेबसाइटवर कोण काय करतं ते मोजणारं गुगल ॲनालिटिक्स. त्याच्या लेखी 10 सेकंदांहून जास्त थांबलेला, निदान दोन पानं पाहिलेला किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली कृती, म्हणजे 'की इव्हेंट', केलेलाच एंगेज्ड, म्हणजे खरा रस घेतलेला. फोनच्या लिंकवरचा टॅप ते आपणहून मोजत नाही. म्हणजे तक्ता बघून आठव्या सेकंदाला फोन लावणारं गिऱ्हाईक रिपोर्टात बाउन्स, म्हणजे नुसतं येऊन गेलेलं! टॅग मॅनेजर या गुगलच्या साधनात फोनच्या लिंकवरचा टॅप टिपणारा ट्रिगर लावला, त्याला की इव्हेंट केलं, तेव्हा कुठे ही मंडळी हिशेबात आली. अर्ध्या तासाचं काम, पण क्लायंट विचारत नाही म्हणून एजन्सीत कुणी करत नाही.

रँकिंगला, म्हणजे सर्चमध्ये कोण वर कोण खाली ते ठरवायला, ॲनालिटिक्सचे आकडे वापरत नाही, असं गुगल सांगत आलंय. क्लिकचं तसं नाही. 2023 मध्ये अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात गुगलच्याच पांडू नायक यांच्या साक्षीत नॅवबूस्टचा विषय निघाला, 13 महिन्यांच्या क्लिकवर चालणारी यंत्रणा. त्यामुळे माणूस किती थांबला यापेक्षा तो मागे जाऊन दुसऱ्याची लिंक उघडतो का, याचीच मला जास्त धास्ती.

मे महिन्यात आमचं पान गुगलच्या दुसऱ्या पानावरून पहिल्यावर आलं. तक्त्यामुळे? छातीठोक नाही सांगता येत. 5 मार्च ते 19 एप्रिल गुगलचा कोअर अपडेट, म्हणजे रँकिंगच्या पद्धतीतला मोठा बदल, चालू होता. फोन वाढले, पण उन्हाळ्यात पंपवाल्याचे फोन वाढतातच. मालक आता खूश आहेत, तरी "तो पॉपअप परत टाकता येईल का" हे विचारून झालंय.

आमच्या सेल्सवाल्याने मात्र 'एंगेजमेंटमधून रँकिंग' अशी केस स्टडी करून दुसऱ्या क्लायंटना पाठवलीसुद्धा. सरासरी वेळेचा ग्राफ त्याने तेवढा गाळलाय.